येत्यात आणि येतील

मारुंजीत एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर माझा इंग्रजी संभाषणाचा क्लास चालतो. खाली दिवसभर टेंपोत पत्रे आणि पाइप चढत-उतरत असतात, त्या खणखणाटातच मी वर फळ्यावर क्रियापदं लिहिते. येणाऱ्या मुली बहुतेक डोंगराकडच्या. कुणी सोसायट्यांत कामाला, कुणी हिंजवडीच्या ऑफिसांत साफसफाईला, आणि प्रत्येकीला पुढल्या वर्षी रिसेप्शनच्या खुर्चीत बसायचंय. विदर्भ-मराठवाड्यातून आलेले दोन-चार आयटीवालेही येतात. त्यांना इंग्रजी सगळं येतं, फक्त तोंड उघडत नाही. शिकवताना मी खाष्ट आहे. 'ही गो' म्हणणाऱ्याला 'ही गोज' दहा वेळा म्हणायला लावते, वय बघत नाही. पण एक चूक मी कधीच दुरुस्त करत नाही. क्लास सुटला, की ताम्हिणीकडची एखादी पोर पिशवी खांद्याला लावते, दाराशी वळते आणि म्हणते, "आय ॲम कमिंग, मॅडम." निघताना, बरं का! परवा एका आयटीवाल्याने हसून विचारलं, "मॅडम, कमिंग कसं? ती तर जातेय ना?" मी म्हटलं, "असू दे. तिला यायचं असेल." सगळे गेल्यावर मी बराच वेळ पाय वर घेऊन खुर्चीत बसून राहिले. माझी चाळिशी उलटलीय, पण त्या वाक्याने मी दर वेळी सतरा वर्षांची होते आणि मला थोडी भीती वाटते.

घरातून निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावं, आणि घरातल्यांनी त्यावर 'या' म्हणावं, हे कुठल्याही मराठी माणसाला सांगायला नको. शहरात तो शिष्टाचार आहे. आमच्या वाडीत तो कायदा होता. निघालेल्याला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही, आणि रस्त्याने चालताना आपल्या मागून कुणी येतंय असं वाटलं तर वळून बघायचं नाही. मी लहानपणी या सगळ्याला खूप हसायचे. मला इंग्रजी शिकायचं होतं, नोकरी करायची होती, आणि असल्या गोष्टींना हसल्याशिवाय माणूस शहाणा होत नाही अशी माझी ठाम समजूत होती.

ताम्हिणीच्या अलीकडे, कोकणात उतरणाऱ्या रस्त्याला लागून आमचा ढाबा होता. आताच्या ढाब्यांसारखी रोषणाई वगैरे नव्हे. चार बाक, दोन चुली, वर पत्रा, आणि मागे पाच-सहा पायऱ्या चढून आमचं घर. पाऊस एकदा लागला की महिना महिना थांबायचा नाही. पत्र्यावर तो पडायला लागला की समोरच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे; आमच्या घरातली माणसं आजही फोनवर ओरडतात ती त्यामुळे. धुकं तर सरळ गिऱ्हाइकासारखं आत येऊन बसायचं. आबा, म्हणजे माझे वडील, भट्टीपाशी. आई भाकऱ्या थापायची, नाचणीच्या, आणि सोबत कुळथाचं पिठलं नाहीतर सुकटीची चटणी. भातखाचरातले खेकडे मिळाले तर त्यांचा रस्सा. त्या रश्श्याचा वास धुक्यात अडकून राहायचा आणि वळणापलीकडचा ट्रक त्या वासावर थांबायचा, असं आबा सांगायचे. आबांचं सगळंच खरं मानायचं नसे. धुक्यामुळे गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. घाट चढून येणाऱ्या ट्रकने गिअर बदलला, की भांडी घासता घासता आत्या मान वर न करता सांगायची, "तीन मान्सं हायेत. च्या टाक."

आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण. आबा तिला आक्का म्हणायचे. तिचा नवरा, आमचे आतोबा, मी चार-पाच वर्षांची असताना घाट उतरून माणगावकडे बैल आणायला गेले होते. जोडीतला एक बैल मेला होता, त्याला जोडीदार हवा होता. मेलेल्या बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ त्यांनी बरोबर घेतली, नव्याच्या गळ्यात बांधून त्याला वाजतगाजत आणायचं म्हणून. दाराशी वळून "येतो" म्हणाले. आत्या "या" म्हणाली. त्यानंतर त्यांना कुणी पाहिलं नाही. आबांनी महिनाभर कोकणातली गावं पालथी घातली, ओढे बघितले, दवाखाने बघितले. माणूसही नाही आणि बैलही नाही. सासरी कुणी राहिलं नाही तेव्हा आबा आत्याला आमच्याकडे घेऊन आले. येताना तिने जोडीतली दुसरी घुंगुरमाळ तेवढी आणली आणि ढाब्यात खिळ्याला अडकवली. कोकणातून वर यायचं तर हाच रस्ता, म्हणून ती ढाब्यात राहायला तयार झाली. कुंकू लावत होती, मंगळसूत्र घालत होती. जेवताना आपल्या ताटाशेजारी एक रिकामं ताट मांडायची. आणि ती 'येतील' असं कधीही म्हणत नसे. कुणी विचारलं तर शांतपणे सांगायची, "येत्यात की."

येत्यात म्हणजे येत आहेत. नुसतं एवढंच सांगून ती थांबली असती तर ठीक होतं. पण कुठवर आले ते ती सांगायची. मी पहिलीत होते तेव्हा ते माणगावात होते. मी चौथीत गेले तेव्हा माणगावातून निघाले. "पायाला लागलंय, सावकाश येत्यात." जी वाट धडधाकट माणूस एका दिवसात चालतो तिला त्यांना वर्षं लागत होती, आणि तीही फक्त पावसाळ्यातली; दिवाळी आली की आत्या त्यांच्याबद्दल बोलायची थांबायची आणि आषाढात पुन्हा तिथूनच पुढे सुरू करायची. माझ्या दहावीच्या वर्षी ते घाटाखाली विळ्याला पोचले. ट्रकवाले चेष्टेने विचारायचे, "काय आक्का, मालक कुटवर आले?" ती उत्तर द्यायची आणि ते हसून चहा प्यायचे. एका ड्रायव्हरने मात्र हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहू दिलं. म्हणाला, विळ्याच्या पुढं परवा एक माणूस पावसात चढताना बघितला. हातात नुसता कासरा, बैल नाही. गाडी थांबवून हाक मारली तर कुणीच नाही. एवढं बोलून तो उठला, आणि पुन्हा आमच्या ढाब्यावर कधी थांबला नाही. आत्या त्याला म्हणाली होती, "बैल गावला न्हाई व्हय? मंग लाजत्यात ते, म्हनून उशीर."

तेव्हा घोडके सर आमच्याकडे जेवायला असत. लातूरकडचे, शाळेत नवीन लागलेले, आमच्या पावसाने पार हैराण झालेले. त्यांची उशीसुद्धा ओली असायची. पिठल्यावर जास्तीचं तेल घालण्याच्या बोलीवर ते मला दुपारी ढाब्यातल्या बाकावर इंग्रजी शिकवायचे. शिकवणारा माणूस खरा. व्याकरणावर त्यांची इतकी श्रद्धा, की पाऊसही नियमाने पडावा असं त्यांना वाटे. भविष्यकाळ त्यांनी मला असा समजावला: "हे बघ इंदू, उद्याचं बोलायला मराठीत आपण 'ईन, ईल' लावून मोकळे होतो. इंग्रजीत विचार करावा लागतो. मनात आत्ता आलं, आत्ता ठरवलं, नाहीतर नुसती आशा आहे, अंदाज आहे, तर 'विल'. चिन्हं डोळ्यांना दिसतायत, आभाळ काळं झालंय, तर 'इट इज गोइंग टू रेन'. आणि सगळं पक्कं ठरलंय, तिकीट काढलंय, माणूस वाटेला लागलाय, तर सरळ वर्तमानकाळ. 'ही इज कमिंग.' येईल नाही, येतोयच." मला हे एकदम आवडलं. उद्याचे तीन कप्पे, आणि कुठली गोष्ट कुठल्या कप्प्यात ते बोलणाऱ्याला माहीत असलं पाहिजे. आजही मी हा धडा त्यांच्याच शब्दांत शिकवते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरच्या माणसांवर पाच वाक्यं लिहून आणायला सांगितली. चार बरोबर आली. पाचवं मी लिहिलं होतं, 'माय आंट्स हजबंड इज कमिंग.' सरांनी विचारलं, "केव्हा येतायत?" मी म्हटलं, "ठाऊक नाही." "कुठल्या गाडीने?" "चालत." "कुठून निघाले?" मी सांगितलं, माणगावहून; घरून गेल्याला बारा-तेरा वर्षं झाली. सरांनी लाल पेन काढलं, वाक्यावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'आय होप ही विल कम.' मग हळूच म्हणाले, "आशा आहे गं ती. आशेला विल." भांडी विसळणाऱ्या आत्याला इंग्रजी कळत नव्हतं, पण रेघ मारलेली तिने पाहिली.

आता तो दिवस. आषाढातली दुपार होती, तीन-साडेतीन वाजले असतील, पण धुकं इतकं की कंदील लावावा लागला होता. आबा सामान आणायला पौडला गेलेले, आई खाचरात लावणीला. ढाब्यात मी, आत्या आणि बाकाखाली झोपलेला टिप्या कुत्रा. गाड्या बंदच होत्या. त्या वर्षी आत्याच्या हिशेबाने आतोबा घाट चढत होते आणि आठवडाभर ती कामाशिवाय बोललीच नव्हती. मी वहीत बघून 'विल, शॅल' घोकत होते. पाऊस अचानक थांबला. आमच्याकडे पाऊस थांबला की कान दुखतात, इतकी त्याची सवय असते. आत्या रस्त्याकडेला उभी होती. म्हणाली, "खालच्या वळनाला हायेत." मी वर बघितलं नाही. ती म्हणाली, "बसल्यात जरा. उटले. येत्यात." आणि मला घुंगरं ऐकू आली.

मी ती खूप दिवस ऐकलीच नाहीत असं स्वतःला सांगून बघितलं. उपयोग झाला नाही. ओली माळ हलावी तसा जड, बुळबुळीत आवाज. एकदा. मग पावलागणिक. मी खिळ्याकडे बघितलं. आमची माळ तिथेच होती, स्थिर. टिप्या बाकाखालून बाहेर आला. तो भुंकला असता तर मला धीर आला असता. तो रस्त्याच्या मधोमध जाऊन वळणाकडे तोंड करून उभा राहिला आणि शेपटी हलवायला लागला, आबा पौडहून आल्यावर हलवायचा तशी. धुक्यात काही दिसत नव्हतं. आत्याने डोक्यावरून पदर घेतला. मी तिला कुणासाठीही डोक्यावर पदर घेताना बघितलं नव्हतं. "आल्यातच," असं ती म्हणणार, हे मला तिच्या ओठांवरून कळलं, आणि ती तसं म्हणाली तर ते खरंच होईल एवढंच मला कळत होतं. मी पुढे होऊन तिचा दंड धरला आणि किंचाळले, "आत्या, येत्यात न्हाई म्हनायचं! येतील म्हन! सर म्हनले, ते चूक हाय. येतील म्हन!"

आत्या माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. शाळेतल्या लहान पोरीने बाईंच्या मागून म्हणावं तसं तिने म्हणून बघितलं, "येतील?" घुंगरं थांबली. टिप्याची शेपटी खाली आली. त्याने इकडेतिकडे हुंगलं आणि तो परत बाकाखाली गेला. आत्या बराच वेळ वळणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "येतील म्हंजी न्हाईच की गं, इंदे." आत गेली, तिच्या ताटाशेजारचं ते रोजचं रिकामं ताट उचललं आणि मांडणीवर पालथं घातलं. पाऊस पुन्हा लागला.

त्या दिवसापासून आत्याने आतोबांचं नाव काढलं नाही. कुंकू लावायची, पण आरशात न बघता. ट्रकवाल्यांनी "मालक कुटवर?" विचारलं, की उठून आत जायची. आधी भाकरी दोनाची एक झाली, मग अर्धी. आई म्हणायची, "आक्कास्नी आतून काय लागलंय का?" शहाणपण माझं आणि भोगलं तिने. वाटायचं, जाऊन सांगावं की माझीच चूक होती, तू येत्यातच म्हण. पण तसं सांगायचं तर ती घुंगरं पुन्हा ऐकायची तयारी हवी, आणि ती माझी नव्हती. मी मनापासून भ्याले होते, आणि भित्रा माणूस अभ्यास फार करतो. मी त्या वर्षी सरांची दोन व्याकरणाची पुस्तकं पाठ केली.

पुढे हिंजवडीकडे नवीन ऑफिसं उघडत होती, त्यांतल्या एकात टेलिफोनवर बसायला मुलगी हवी असल्याचं सरांना कळलं. त्यांनीच अर्ज लिहून दिला. मुलाखतीला टेबलापलीकडे तिघे होते. त्यांनी विचारलं, "पाच वर्षांनी तू कुठे असशील?" आमच्या घरात कुणी कुणाला उद्याचंसुद्धा विचारत नसे. मी पाठ केलेली 'आय विल'ची दहा वाक्यं एका दमात म्हणून टाकली. ते खूश झाले. इतकं सगळं निभावलं आणि शेवटी घोडं अडलंच. उठले, दाराशी गेले, वळले आणि घरच्या सवयीने, फक्त इंग्रजीत, म्हणाले, "आय ॲम कमिंग, सर." तिघे एकमेकांकडे बघायला लागले. मधल्याने विचारलं, "व्हेन?" मला काय विचारलं तेच कळेना. तोंडाला येईल ते बोलले, "मंडे." ते हसत सुटले. "ओके, मंडे!" झाली नोकरी. सरांना सांगितलं तर त्यांच्या नाकातून चहा आला. मग डोळे पुसत म्हणाले, "पण नियमात बसतं हो! पक्कं ठरलेलं, म्हणून कमिंग." आत्या पलीकडे कांदा चिरत होती. ती हसली नाही.

मी निघाले त्या सकाळी सगळे पायऱ्यांशी उभे होते. मी आईला म्हटलं, "येते." आई म्हणाली, "ये." आबा म्हणाले, "ये, पोरी." आत्याच्या पाया पडून मी म्हटलं, "येते, आत्या." ती म्हणाली, "जा." एवढंच. निघालेल्या माणसाला 'जा' म्हणणारं आमच्या वाडीत कुणी नव्हतं, आणि आत्या तर नाहीच नाही. आईने तोंडावर हात ठेवला. मी गाडीत बसून चांदणी चौकापर्यंत रडले. तिने मला शाप दिला की मोकळं केलं, हे तेव्हा ठरवता आलं नाही आणि आताही येत नाही.

मारुंजी तेव्हा गावच होतं. शेतकऱ्याच्या घरामागे बांधलेल्या पत्र्याच्या खोलीत आम्ही तिघी जणी राहायचो. मी फोन उचलायचे, 'ही विल कॉल यू बॅक' म्हणायचे, दिवसातून पन्नास वेळा, आणि तो साहेब कधी फोन करायचा नाही. विल म्हणजे काय ते मला तिथे नीट समजलं. घरी जायचं मी टाळत राहिले. दिवाळी गेली, होळी गेली. सुट्टी मिळत नाही असं कळवायचे, मिळत होती. आत्या अंथरुणाला खिळलीय, असा आबांचा निरोप आला तरी मी म्हणाले, "येईन." त्या खोट्या 'येईन'ची मला अजून लाज वाटते.

पुन्हा आषाढ आला. एका रविवारी सकाळी नळावर कपडे पिळता पिळता मी थांबले. कुणाचा फोन नाही, निरोप नाही, स्वप्न नाही. ओला टॉवेल हातात होता आणि मी मोठ्याने म्हणाले, "आय विल गो." त्या क्षणी ठरवलं, म्हणून विल, सरांनी शाबासकी दिली असती. कपडे तसेच टाकून निघाले. भूगाव ओलांडेपर्यंत पाऊस लागला. पौडला गाडी तासभर उभी राहिली, पुढे झाड पडलं होतं. जेवले नव्हते, म्हणून स्टँडवर चहा आणि खारी घेतली. मुळशीच्या धरणापाशी दुसऱ्या गाडीत घुसताना पिशवीचा बंद तुटला आणि ती मी पोटाशी धरून बसले. आत्या आहे की नाही, एवढा एकच विचार. ती असली तर 'माझं चुकलं' म्हणायचं, आणि पुढे जे होईल ते होवो.

ढाब्यापाशी उतरले तर आबा रस्त्यावरच उभे, डोक्यावर इरलं, हातात सुतळीचा तुकडा. मला वाटलं काहीतरी बांधतायत. त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाले, "आन हिकडं. बंद तुटलाय नव्हं?" मी बघतच राहिले. म्हटलं, "आबा, तुमाला कुनी सांगितलं?" ते सुतळी ओवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आक्का. आठ दिस झालं, तुजंच चाललंय तिचं. इंदी येतीया, इंदी येतीया. आज सकाळी म्हनली, निगाली. मंग म्हनली पौडात अडाकलीया, जेवली न्हाई, च्या-खारी खातीया." मी म्हणाले, "पन आबा, मी तर आजच ठरवलं." आबा म्हणाले, "तिनं आठ दिसामागं ठरवलंय." आत्या पुन्हा 'येतीया' म्हणायला लागली होती. मला भीतीच्याही आधी इतका आनंद झाला, की मी रस्त्यातच रडायला लागले.

आबा पिशवी बांधत मागे थांबले आणि मी एकटी पायऱ्या चढायला लागले. धुक्यात वरचं दार जेमतेम दिसत होतं. टिप्या धावत खाली आला, माझी पावलं हुंगली, आणि मला ओलांडून माझ्या मागच्या पायरीवर गेला. तिथे तो लाडाने कुंईकुंई करत राहिला. आबा रस्त्यावर खोकले. म्हणजे ते नव्हते. माझ्या मागे पायरीवर पाणी निथळत होतं, आणि एकदाच, कुणी दम खायला थांबावं तसं, घुंगरं हलली. मी वळून बघितलं नाही. इतकी वर्षं ज्याला हसले तो नियम मी त्या दिवशी पाळला.

आत्या दाराशीच खाटेवर उशीला टेकून बसली होती. चिमणीएवढी झाली होती. शेजारी दोन ताटं मांडलेली, दोन्ही उताणी. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. काडीसारखे हात वर गेले आणि तिने डोक्यावरून पदर घेतला. म्हणाली, "आलात?"

मला ती 'आलीस' म्हणायची. आलात ती जगात एकाच माणसाला म्हणाली असती. मागे कुणी उत्तर देईना. पाणी निथळत होतं. आत्या वाट बघत होती, एक वर्षापूर्वी तिचा दंड धरून मी तिचं वाक्य खोडलं होतं तेव्हा होता तोच चेहरा. या खेपेला खोडायचं नव्हतं. बाईमाणसाने आपल्यापुरतं 'आले' म्हणायचं. मी म्हणाले, "आलो, आत्या."

तिने मान हलवली आणि आईला दोन भाकरी टाकायला सांगितल्या. मी माझ्या ताटात जेवले. दुसऱ्या ताटाकडे बघितलं नाही. आईने दोन्ही ताटं उचलून धुतली. नंतरचे तीन दिवस आत्या चांगली जेवली, आरशात बघून कुंकू लावलं, आणि मी 'माझं चुकलं' म्हणाले तेव्हा माझ्या गालावरून हात फिरवून "येडी" म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला. माझे कान दुखायला लागले तसं मी हातातलं टाकून तिच्यापाशी आले. आईही आली. आत्याने डोळे उघडून दाराकडे बघितलं, मग आम्हा दोघींकडे, आणि आमच्या घरात कधी कुणी म्हटलं नव्हतं ते अगदी सहज म्हणाली, "जातो आमी."

आई रडायला लागली. माझ्या तोंडून मात्र सवयीने निघून गेलं, "या."